सी. पी. बेरारातला पिक्चर

मारेगावच्या आठवडी बाजारात सिनेमाची पत्रकं वाटायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, हिरो कोन हाय?" आमच्या पिक्चरमध्ये नाव घेण्यासारखा नट नव्हता. दिग्दर्शक मित्र कथेचा आशय समजावू लागला, तशी माणसं पुढे सरकली. मग ऑटोवाल्याने भोंग्याचा माईक स्वतःकडे घेतला. पिक्चर इकडचाच आहे, त्यातला बाप कापूस घेऊन जिनिंगवर जातो आणि भावावरून त्याची झकाझकी होते, एवढंच त्याने आपल्या बोलीत सांगितलं. भाजीवाल्या बाया ऐकायला थांबल्या. आमचं पोस्टर पुण्यात तयार झालेलं, देखणं होतं. त्यावर परदेशी महोत्सवांची चिन्हं होती, कापसाचं बोंड कुठेच नव्हतं.

चित्रपटधंद्याच्या नकाशात मारेगाव मुंबई-पुण्याच्या शेजारी नाही. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पण वितरणाची सर्किटं जुनीच राहिली. मारेगावचा यवतमाळ जिल्हा या धंद्यात आजही 'सी. पी. बेरार'मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, मोजला जातो. अमरावती आणि भुसावळ ही त्याची जुनी ठाणी. पुणे-नाशिक मात्र 'बॉम्बे' सर्किटमध्ये. मोठ्या हिंदी चित्रपटाला दोन्हीकडे वितरक मिळतो. लहान मराठी निर्मात्याचं बळ बॉम्बे सर्किटमध्येच सरतं आणि वऱ्हाडी बोलणारा चित्रपट वऱ्हाडाबाहेरच दाखवला जातो.

रिळांच्या पेट्या गेल्या, तेव्हा हे अंतर मिटेल असं वाटलं होतं. आता चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवरून थिएटरात उतरतो. फाईल कुलूपबंद असते आणि ठरावीक मुदतीपुरती चालणारी डिजिटल किल्ली वेगळी येते. पण या व्यवस्थेत निर्मात्याला पडद्यागणिक शुल्क भरावं लागतं, तिकीट एक विकलं गेलं तरी. मल्टिप्लेक्सशी 2009 मध्ये ठरलेल्या वाटणीत निर्माता-वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, पुढे 42.5, मग 37.5 आणि शेवटी 30 असा उतरत जातो. ज्याचं नाव तोंडोतोंडी पसरायलाच दोन आठवडे लागतात, त्या चित्रपटाला ही उतरंड मारते. त्यात खेळ मिळतो दुपारी बाराचा. त्या वेळी आमचा प्रेक्षक वावरात असतो.

दूरच्या पडद्यांपर्यंत आपला सिनेमा पोहोचतो, हे मी अभिमानाने सांगतो. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' 2009 मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात होता. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' विदर्भातल्या खेड्यातला, गावच्याच नवख्या माणसांना घेऊन केलेला. सप्टेंबर 2023 मध्ये टोरोंटोत त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो लागला 7 मार्च 2025 रोजी, सचिन पिळगावकर प्रस्तुतकर्ता म्हणून पाठीशी उभे राहिल्यावर. मधल्या दीड वर्षात तो चित्रपट काही बदलला नव्हता. मुलगी बघण्याचे कार्यक्रम आणि कापसाचा पडता भाव ज्यांनी भोगला, त्यांच्यापर्यंत तो न्यायची यंत्रणाच आपल्याकडे नाही, आणि हे मला फार लागतं.

म्हणून आम्ही आमच्या पिक्चरसाठी मारेगावच्या मैदानावर पडदा बांधला. खेळ फुकट ठेवला. कृषी केंद्र आणि कापडदुकान यांच्या जाहिराती आधी दाखवल्या, त्यातून पडद्याचा आणि डिझेलचा खर्च निघाला. दिवस बाजाराचाच निवडला, कारण वेचणीचा चुकारा त्याच दिवशी हाती येतो आणि आजूबाजूची गावं आपोआप जमतात. भोंगा रात्री दहाला बंद करावा लागतो आणि बाया स्वयंपाक उरकल्याशिवाय येत नाहीत. सगळं वेळापत्रक या दोहोंच्या मध्ये बसवायचं.

खरी कसोटी आवाजाची. गावात भाड्याने मिळतात ते डीजेचे डबे, वरातीत छाती हादरवण्यासाठी केलेले. त्यांवर संवाद लावले की शब्द घुमतात. डीजेवाल्या पोराने आधी एक दृश्य वाजवून पाहिलं, खालचा ठोका जवळजवळ बंद केला, मधले सूर वर घेतले आणि दोन डबे पडद्यापासून काढून गर्दीच्या मध्यावर, कानाच्या उंचीवर ठेवले. मग मागच्या कट्ट्यावर जाऊन बसला आणि तिथून ओरडला, "आता म्हातारीचं बोलनं समजून रायलं." एवढं बारीक ऐकणारा माणूस मला आमच्या स्टुडिओतही क्वचितच भेटला.

जिनिंगच्या प्रसंगात लोक पडद्याशी बोलू लागले. वजनात कट्टी कापली तशी मागून एकाने आकडा दुरुस्त करून सांगितला, आणि दिग्दर्शकाने तो वहीत टिपला. खेळ संपल्यावर त्याला पुरस्कारांबद्दल कोणी विचारलं नाही; त्या बापाला शेवटी किती पैसे मिळाले, हे मात्र पुन्हा पुन्हा विचारलं.

मी मित्राला त्याच रात्री म्हटलं, पोस्टर आणि मुंबईच्या प्रीमियरवर ठेवलेल्या रकमेतून पांढरकवडा, वणी आणि झरीच्या बाजारांसाठी एक ऑटो, एक प्रोजेक्टर आणि हा डीजेवाला ठरवून टाक. तो हिशेब मांडत असतानाच पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक बाई आली. "आमच्या पोडावरबी दाखवा," ती म्हणाली, "पन जनरेटर संग आना. आन् वेचनी सरल्यावर या, आता कोनी रिकामं नाय." मित्राने ऑटोवाल्याला हाक मारून पोडाचा रस्ता विचारला.