व्रणशोथ आणि रक्तवाहिनीचा अंतःस्तर

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात सांगितलेल्या व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्था वैद्यबांधवांना सुपरिचितच आहेत. पूय म्हणजे प्रामुख्याने मृत श्वेतपेशी. त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडतात, हे १८६७ साली ज्यूलियस कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात सूक्ष्मदर्शकाने पाहिले. परंतु प्रवाहाबरोबर वेगाने जाणारी पेशी नेमक्या जागी थांबते कशी?

तिला थांबवतो तो वाहिनीचा अंतःस्तर, आणि तोही मुख्यतः केशवाहिन्यांच्या लगत पुढे असणाऱ्या सूक्ष्म शिरांमधील. इजा होताच हिस्टामिनसारख्या द्रव्यांच्या प्रेरणेने अंतःस्तराच्या पेशी आधीच साठवून ठेवलेले पी-सिलेक्टिन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. ई-सिलेक्टिन नव्याने घडवावे लागत असल्याने त्यास काही तास लागतात. यांची पकड सैल असते. श्वेतपेशी भिंतीवरून गडगडत मंदावते. तेथे मांडून ठेवलेल्या केमोकाइन द्रव्यांचा स्पर्श होताच तिच्यावरील इंटिग्रिन ताठ होऊन अंतःस्तरावरील आयकॅम-१ ला घट्ट धरतात. मग ती पसरट होते आणि बहुधा दोन पेशींच्या सांध्यातून बाहेर सरकते. (सिलेक्टिनला अमुक दोषाचे नाव देऊन मोकळे होणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.)

बीटा-२ इंटिग्रिनचा जन्मजात अभाव असलेल्या बालकांत नाळ उशिरा गळते, रक्तात श्वेतपेशी विपुल असतात, पण जखमेत पू होत नाही आणि जंतुसंसर्ग वारंवार जिवावर बेततो. पूयाचा अभाव नेहमीच शुभलक्षण नव्हे.

हळदीतील कर्क्युमिनमुळे प्रयोगशाळेत वाढविलेल्या अंतःस्तर-पेशींवरील ही आसंजक प्रथिने घटतात, असे दिसले आहे. तथापि पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फार अल्प उतरते. म्हणून औषधालयांनी तो निष्कर्ष पुडीवर छापू नये.

याहून गंभीर बाब म्हणजे सांधेदुखीच्या निनावी चूर्णांतील स्टिरॉइडची भेसळ. स्टिरॉइडमुळे श्वेतपेशींची भिंतीवरील पकड सुटते, त्या प्रवाहात परततात आणि तपासणीत त्यांची संख्या वाढलेली दिसते. शोथस्थानी मात्र त्या पोहोचत नाहीत. सूज, ज्वर व वेदना ओसरल्याने रुग्ण संतुष्ट असतो, आणि आत विद्रधी वाढत असतो. अशा रुग्णाचे चूर्ण एकाएकी थांबवणेही धोक्याचे आहे, कारण अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. मात्रा टप्प्याटप्प्याने, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते.