कॅलेंडर स्पष्ट, माणसे पुसट

आमच्या घरी तीन अल्बम आहेत. पहिले दोन जुन्या पद्धतीचे, काळ्या जाड पानांचे, दोन पानांमध्ये बटर पेपर असलेले. माझे बारसे, ताईचे शाळेतले गॅदरिंग, आजीची पंच्याहत्तरी, कोकणातल्या घराचे अंगण, सगळे त्यांत आहे. नाहीत ते फक्त बाबा. कारण उघड आहे. फोटो बाबा काढत. ज्याच्या हातात कॅमेरा तो फोटोत नसतो, हा त्या काळातल्या अनेक घरांचा अलिखित नियम होता. तिसऱ्या अल्बममध्ये मात्र बाबा पानोपानी भेटतात. या दोन आणि तिसऱ्या अल्बममध्ये नेमके काय घडले, त्याची ही हकीकत आहे. ती आमच्या घरापुरती नाही. तिची सुरुवात जपानात आणि अमेरिकेत झाली.

बाबांचा कॅमेरा यशिका इलेक्ट्रो-३५. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने तो आणून दिला होता. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती आणि आईला तर नव्हतीच. "त्याचा फोकस जुळवावा लागतो," एवढेच बाबा सांगत. एकदा त्यांनी मला त्यातून पाहू दिले. मधोमध पिवळसर रंगाचा एक छोटा चौकोन होता आणि त्यात समोरची मावशी दोनदा दिसत होती. लेन्सची रिंग फिरवली की दुसरी मावशी हळूहळू पहिलीकडे सरके. दोन मावश्यांची एक मावशी झाली की फोकस जुळला. तोवर खरी मावशी ताटकळलेली आणि तिच्या चेहऱ्यावरचे हसू विझलेले!

या युक्तीमागचे गणित साधे आहे. कॅमेऱ्याला पुढच्या बाजूस काही सेंटीमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. आपल्या दोन डोळ्यांसारख्याच. दोन्ही खिडक्यांतून दिसणाऱ्या दृश्यांत किंचित फरक असतो. वस्तू जवळ असेल तर फरक जास्त, लांब असेल तर कमी. तो फरक मिटवायला रिंग किती फिरवावी लागली त्यावरून अंतर कळते. मिटला की नाही हे ठरवणार माणसाचा डोळा.

छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आला की त्यातले सात-आठ तरी वाया गेलेले असत. कारणे मुख्यतः दोनच, एक तर अंधार किंवा चुकलेला फोकस. जगभरच्या घरगुती फोटोंची रड हीच होती. कोनिका या जपानी कंपनीने १९७५ मध्ये पहिल्या कारणावर उपाय काढला आणि छोट्या कॅमेऱ्यातच फ्लॅश बसवला. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, तिने दुसऱ्या कारणालाही हात घातला. 'कोनिका सी-३५ एएफ' हा बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा.

गंमत अशी की त्याचा 'डोळा' जपानी नव्हता. तो हनीवेल या अमेरिकन कंपनीचा होता. खोलीचे तापमान राखणारी उपकरणे बनवण्यासाठी ही कंपनी प्रसिद्ध. तिने तयार केलेला 'व्हिझिट्रॉनिक' नावाचा भाग बाबांचेच काम करीत होता. त्यातही दोन खिडक्या होत्या. त्यांतून आलेल्या दोन प्रतिमा प्रकाशाला संवेदनशील अशा दोन पट्ट्यांवर पडत. एक आरसा फिरत राही. दोन्ही पट्ट्यांवरचे उजेड-अंधाराचे नक्षीकाम सर्वांत जास्त जुळले की तो क्षण पकडून लेन्स तिथे थांबे. दोन मावश्यांची एक मावशी आता यंत्र करू लागले होते.

मग निरनिराळ्या वाटा निघाल्या. १९७८ मध्ये पोलरॉइडने वटवाघळाची विद्या वापरली. त्यांच्या कॅमेऱ्याच्या कपाळावर एक गोल सोनेरी चकती असे. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडी आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजी. माणूस तीन मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन सहा मीटर धावणार, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ. अंधारातही हे जमे. पण खिडकीच्या काचेपलीकडचा डोंगर टिपायचा म्हटले की आवाज काचेवरच आपटून परते आणि फोकस काचेवर बसे. १९७९ मध्ये कॅननने छोट्या कॅमेऱ्यात अदृश्य इन्फ्रारेड किरण आणला. एका खिडकीतून किरण सोडायचा, वस्तूवरून उलटून आलेला दुसऱ्या खिडकीत झेलायचा आणि तो कोणत्या कोनातून आला त्यावरून अंतर काढायचे. किरण उलटून आलाच नाही तर? तर कॅमेरा समजे की समोर जवळपास काही नाही, आणि दूरवर फोकस करून मोकळा होई. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आमच्या घरची गोष्ट पुढे याच वाक्यावर येऊन थांबणार आहे.

व्यावसायिकांच्या मोठ्या कॅमेऱ्यांत, लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआरमध्ये, हे काम अवघड होते. जर्मनीच्या लायकाने १९७६ च्या फोटोकिना प्रदर्शनात आपले 'कोरेफोट' दाखवले, पण ते बाजारात आणले नाही. १९८१ मध्ये पेंटॅक्सने 'एमई-एफ' आणला. त्याच्या खास झूम लेन्समध्येच मोटर होती आणि तिच्यासाठी चार बॅटऱ्याही लेन्सच्याच पोटात. ते धूड फार चालले नाही.

खरा धक्का दिला मिनोल्टाने, १९८५ मध्ये. 'मिनोल्टा ७०००' या कॅमेऱ्यात मोटर आणि सेन्सर दोन्ही कॅमेऱ्याच्या अंगातच होते. लेन्सच्या एका कडेने आणि दुसऱ्या कडेने येणारा प्रकाश वेगळा घेऊन त्याच्या दोन प्रतिमा सेन्सरच्या रांगेवर पाडल्या जात. फोकस बरोबर असेल तर त्या दोहोंतले अंतर ठरावीक असते. एका बाजूला चुकला तर त्या जवळ येतात, दुसऱ्या बाजूला चुकला तर लांब जातात. म्हणजे फोकस चुकला आहे एवढेच नव्हे, तर कुठे आणि किती चुकला आहे हेही यंत्राला एका झटक्यात कळे. चाचपडणे संपले.

मग इतरांची धावपळ उडाली. निकॉनने १९८६ मध्ये आपला एफ-५०१ आणला, पण १९५९ पासूनची लेन्स बसवण्याची खाच तशीच ठेवली. कॅननने उलटा निर्णय घेतला. १९८७ मध्ये, स्थापनेला पन्नास वर्षे होत असताना, 'ईओएस ६५०' बाजारात आणला आणि जुनी खाच सरळ मोडीत काढली. नव्या लेन्समध्ये प्रत्येकी आपली मोटर आणि कॅमेऱ्याशी बोलणे सगळे विजेच्या तारांनी. आयुष्याची पुंजी लेन्समध्ये घातलेल्या छायाचित्रकारांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हनीवेल तरी गप्प कशी बसेल? आपले पेटंट वापरल्याचा दावा तिने मिनोल्टावर लावला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने निकाल हनीवेलच्या बाजूने दिला आणि अखेर मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पाठोपाठ इतर कॅमेरा कंपन्यांनाही पैसे मोजावे लागले.

या सगळ्या घडामोडींचा आमच्या घराला पत्ता नव्हता. १९९१ च्या दिवाळीला माझा आतेभाऊ मस्कतहून आला आणि त्याने एक छोटा, काळा ऑटोफोकस कॅमेरा आणला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, माहितीपुस्तिका काळजीपूर्वक वाचली आणि आईच्या हातात दिला. "घे. तू काढ. यात जुळवायचे काही नाही."

आई आधी गांगरली. मग तिने जो सपाटा लावला! फराळाची ताटे, किल्ला करणारी मुले, शेजारच्या काकू, आणि बाबा. दाढी करणारे बाबा, वर्तमानपत्रात डोके घातलेले बाबा, आकाशकंदिलाची वायर जोडताना स्टुलावर उभे बाबा. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे इतका वेळ आणि इतके उघडपणे पाहायची तिला बहुधा पहिल्यांदाच मुभा मिळाली होती.

पाडव्याला ओवाळणे झाल्यावर ताई म्हणाली, दोघांचा एक फोटो हवाच. तो काढायचे माझ्याकडे आले. ओटीवर दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या. त्या पिढीच्या रीतीप्रमाणे आई-बाबा मध्ये हातभर अंतर ठेवून बसले. "अहो, जरा सरका की," असे म्हणायची आईची छाती नव्हती, आणि आम्ही मुलांनी म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी दोघांना व्ह्यूफाइंडरमध्ये नीट डावी-उजवीकडे घेतले आणि बटण दाबले.

रोल धुऊन आला. फोटोत आई-बाबा धुक्यातून पाहावेत तसे. आणि त्यांच्या मधल्या जागेतून, उघड्या दारातून, पार मागे स्वयंपाकघराच्या भिंतीवर नोव्हेंबर १९९१ चे कॅलेंडर लख्ख! लाल रविवार मोजून घ्यावेत असे.

मी चोरासारखा उभा होतो. बाबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "कॅमेऱ्याचं काही चुकलं नाही. त्याला मधलं तेवढं दिसतं. मध्ये आम्ही नव्हतो." मग त्यांनी मला पुस्तिकेतले पान दाखवले. मध्यभागी आधी एक माणूस घ्यायचा, बटण अर्धे दाबून धरायचे, फोकस तिथे बांधला जातो, मग कॅमेरा हवा तसा वळवून बटण पूर्ण दाबायचे. किरण त्या हातभर फटीतून निघून गेला होता. उलटून आला नाही. कॅमेऱ्याने दूरवर पाहिले.

ही चूक घरोघरी होत असे. दोन मित्र, नवरा-बायको, दोन बहिणी, फोटोत जोड्याच जास्त आणि जोड्यांच्या मध्ये नेहमी फट. म्हणून पुढे छोट्या कॅमेऱ्यांत एकाऐवजी तीन-तीन किरण आले, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. कॅननने १९९२ मध्ये 'ईओएस ५' आणला. त्यात छायाचित्रकाराची नजर कुठे आहे ते कॅमेरा पाही आणि तिथे फोकस नेई. म्हणजे यंत्राने अखेर माणसालाच विचारले, की बाबा रे, तुला कोण हवे आहे?

आई-बाबांचा दोघांचाच असा दुसरा फोटो नंतर निघाला नाही. काढू, काढू म्हणत राहिलो.

२००९ मध्ये बाबा गेले. कपाट आवरताना निगेटिव्हची पाकिटे सापडली. प्रत्येक पाकिटावर तारीख, प्रसंग आणि बारीक अक्षरात एखादा शेरा. मी ती सगळी संगणकावर घेतली. यशिकाचे शेवटचे चार रोल पाहताना लक्षात आले, की त्यांतला जवळजवळ एकही फोटो नीट नाही. कुठे फोकस माणसांच्या मागे, कुठे पुढे. हे फोटो आम्हाला कधी दाखवलेच गेले नव्हते. एका पाकिटावर लिहिले होते, "प्रतिमा जुळल्या असे वाटले. जुळल्या नव्हत्या." तारीख १९९१ च्या मे महिन्याची. बाबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले १९९३ मध्ये. तोवर ते कुणाला काही बोलले नव्हते. "यात जुळवायचे काही नाही," असे म्हणून त्यांनी कॅमेरा आईच्या हाती दिला, त्याचा अर्थ मला अठरा वर्षांनी कळला.

पहिला ऑटोफोकस कॅमेरा आणणारी कोनिका आणि एसएलआरचे जग बदलणारी मिनोल्टा या दोन कंपन्या २००३ मध्ये एक झाल्या आणि २००६ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. आता खिशातला फोनही चेहरा ओळखून फोकस करतो. दोन माणसांच्या मधल्या फटीतून तो सहसा निसटत नाही.

पाडव्याचा तो फोटो आईच्या खोलीत आहे. मागच्या वर्षी माझा मुलगा म्हणाला, "आजी, हा फोनवर एका मिनिटात दुरुस्त करून देतो." त्याने दिलाही. धुके गेले, चष्म्याची काडी आली, मिशीचा केस न् केस आला. पण फिल्मवर जे उमटलेच नव्हते ते फोन आणणार कुठून? त्याने आपल्या अंदाजाने भरले होते. आईने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले.

"छान आहे रे," ती म्हणाली, "पण हे गृहस्थ कोण?"

मग तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केले. "यांना मी ओळखते."