तिसरी घंटा झाल्यावर

नाटकाचे तिकीट काढणारा माणूस स्वतःला गिऱ्हाईक समजतो. पैसे दिले, खुर्ची मिळाली, आता समोरच्यांनी आपली करमणूक करावी, असा साधा हिशेब असतो. पण तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला, की या गिऱ्हाइकाकडून त्याच्या नकळत बरेच काम करून घेतले जाते. ते काम कोणते, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. उदाहरण घेतो कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचे. ते माझ्या पायाखालचे आहे हे एक कारण. दुसरे कारण असे, की ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले आणि नाट्यगृह म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आमच्या गावात चहाच्या गाड्यावरसुद्धा निघू लागला.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली या थिएटरचे काम सुरू केले आणि १९१५ साली ते पुरे झाले. तेव्हाचे नाव पॅलेस थिएटर. त्याच्या पाठीला पाठ लावून खासबागचे कुस्तीचे मैदान आहे. १९०२ च्या विलायत दौऱ्यात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यावरून या मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. म्हणजे भिंतीच्या अलीकडे आलाप आणि पलीकडे शड्डू. सकाळी तालमीत घुमणारा आणि रात्री नाट्यपदाला मान डोलावणारा माणूस एकच असू शकतो, याचे कोल्हापूरला कधी नवल वाटले नाही. याच महाराजांनी उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणले. गावाचा कान तयार व्हायला आणखी काय हवे! ज्यांचे नाव पुढे या थिएटरला दिले गेले ते केशवराव भोसले इथलेच, जन्म १८९० चा. लहान वयात ‘शारदा’च्या भूमिकेने ते गाजले, १९०८ साली त्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली, आणि १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

त्या काळच्या प्रेक्षकाच्या हाती एक मोठे हत्यार होते, ‘वन्स मोअर’. पद आवडले की थिएटरातून आरोळी उठायची आणि नटाला ते पुन्हा म्हणावे लागायचे. कधी दोनदा, कधी चारदा. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत लांबायचा, त्याला नाटककारापेक्षा प्रेक्षकच अधिक जबाबदार असे. जाणकारांनी या प्रथेला नावे ठेवली आहेत, कारण शोकाने व्याकूळ झालेली नायिका तेच पद तिसऱ्यांदा गाऊ लागली की कथानकाचे मातेरे होते. आक्षेप खरा आहे. तरी माझ्यासारख्या कवीला या प्रथेबद्दल थोडी माया वाटते. मुशायऱ्यात एखादा शेर काळजाला भिडला की लोक ‘मुकर्रर’ म्हणतात. अर्थ तोच, पुन्हा म्हणा. दुसऱ्यांदा म्हटलेला शेर पहिल्यासारखा राहत नाही. पहिल्या वेळी तो कवीचा असतो, दुसऱ्या वेळी मागणाऱ्यांचाही होतो.

या देण्याघेण्याला मराठीत आपण ‘दाद’ म्हणतो. शब्द फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ न्याय. म्हणून कोर्टात आपण दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. एकाच शब्दाची ही दोन टोके मला फार बोलकी वाटतात. रंगमंचावरचा माणूस रोज रात्री फिर्याद घेऊन उभा राहतो आणि अंधारात बसलेली माणसे तिचा निकाल देतात. टाळी हा त्यातला सर्वांत सोपा निकाल. हुंकार, हशा, दीर्घ शांतता हेही निकालच आहेत. खोकलासुद्धा. प्रयोग पकड घेत नसेल तेव्हा सभागृहात खोकल्याची साथ कशी येते, हे नाटकवाल्यांना विचारा.

आता थोडे शास्त्राकडे वळू. प्रेक्षकाचा नाटकातला वाटा मोजता येतो का? काही अंशी येतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर पुढचे दहा शब्द त्याच्यावर येऊन आदळत. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकावर हे कोडे सोडवायचे काम आले. शेजारच्या थिएटरातल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून घड्याळ लावायचे आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी पोचवायच्या, असा उद्योग त्यांनी केला. मऊ वस्तू आवाज पितात, हे त्यांनी आकड्यांत मांडले. त्यात एक गंमत निघाली. एक माणूस येऊन बसला तर तो साधारण सहा गाद्यांइतका आवाज पितो.

याचा अर्थ असा, की रिकामे थिएटर आणि भरलेले थिएटर ही ध्वनीच्या दृष्टीने दोन वेगळी थिएटरे असतात. दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर तालीम करताना घुमणारे वाक्य रात्री प्रेक्षक आल्यावर स्वच्छ ऐकू येते, ते आपल्या अंगाने आणि अंगावरच्या कपड्यांनी. आपण काही न करता नुसते बसलो तरी नटाचा आवाज घडवत असतो. संगीत नाटकाची तर आणखी एक अडचण आहे. बोलणे नीट कळायला घुमणे कमी हवे, सुमारे सेकंदभर पुरे. गाणे मात्र जरा घुमल्याशिवाय गोड लागत नाही. एकाच छपराखाली गद्यही कळले पाहिजे आणि ताननही खुलली पाहिजे, असे माप गाठणे ही अवघड गोष्ट. ध्वनिक्षेपक सर्रास येण्यापूर्वीच्या थिएटरांना ते गाठावेच लागे, कारण पर्याय नव्हता.

हशाचेही असेच. विनोदी वाक्यानंतर कसलेला नट थांबतो, हशा चढू देतो आणि तो उतरू लागला की पुढचे वाक्य टाकतो. फार लवकर टाकले तर वाक्य बुडते, उशिरा टाकले तर प्रयोग थंडावतो. हे अंतर संहितेत लिहिलेले नसते. ते रोज रात्री प्रेक्षक ठरवतात. शिवाय हसणे सांसर्गिक असते. दोनशे माणसे एकमेकांना खेटून बसली तर जेवढी हसतात, तेवढी ती मोठ्या सभागृहात विखरून बसली तर हसत नाहीत. पुढच्या रिकाम्या रांगांत येऊन बसा, असे व्यवस्थापक विनवतो तेव्हा तो नटांची सोय बघत असतो आणि आपण उगाच त्याच्यावर वैतागतो.

आणि अंधार. प्रेक्षकांवरचा उजेड घालवायची रीत फार जुनी नाही. युरोपात वाग्नर या संगीतकाराने १८७६ साली बायरॉइटच्या आपल्या थिएटरात ती आग्रहाने पाळली, त्याचा पुढे बोलबाला झाला. अंधारामुळे लक्ष रंगमंचावर राहते हे खरे, पण मला त्याचा दुसरा उपयोग मोठा वाटतो. माझे एक चाचा गुळाच्या अडतीवर हिशेब लिहीत. घरात कोणी गेले तरी डोळ्यांतून टिपूस न काढणारा माणूस. एकदा एका हौशी संस्थेच्या ‘नटसम्राट’ला मी त्यांच्या शेजारी होतो. तिसऱ्या अंकात त्यांचा रुमाल खिशात परत गेलाच नाही. दिवे लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “लई उकडतंय बघ आत.” पाचसातशे माणसांत बसूनही माणसाला एकटे रडता येते, अशी जागा दुसरी कुठे आहे?

हा अंधार अलीकडे मोबाइलने फोडला आहे. नुसत्या वाजण्याने नाही; मांडीवर उजळलेला छोटा पडदा मागच्या तीन रांगांना नाटकाबाहेर काढतो. २०१९ च्या सुमारास काही नटांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, चालू प्रयोग थांबवलेही. लोक म्हणाले, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? वर सांगितलेला हिशेब पाहिला तर नटाचा राग समजतो. निकाल देणाराच दुसरीकडे बघतो आहे! मध्यंतरातल्या बटाटेवड्याबद्दल मी काही बोलत नाही, त्यातले जाणकार पुष्कळ आहेत.

त्या ऑगस्टच्या रात्री रंगमंच जळाला, छप्पर कोसळले, दगडी भिंती उरल्या. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. थिएटर होते तसेच पुन्हा उभारू, असे सरकारने जाहीर केले आणि ते काम हातीही घेण्यात आले. ‘होते तसेच’ म्हणजे काय, हे मात्र नीट ठरवायला हवे. दगड, कमानी, नक्षी यांचे फोटो आहेत, नकाशे आहेत. आवाजाचा फोटो नसतो. छताला कोणते लाकूड होते, खुर्च्यांना कोणते कापड लावणार, वातानुकूलन यंत्राची घरघर किती येणार, यावर तो अवलंबून आहे. उपकरणे ते मोजतील, मोजावेच. पण जुना आवाज कसा होता याचे साक्षीदार जिवंत आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत विंगेत उभे राहून वाक्ये पुरवणारे, ऑर्गनवर बसणारे, आणि वर्षानुवर्षे बाल्कनीच्या त्याच कोपऱ्यातले तिकीट मागणारे लोक. उद्घाटनाच्या भाषणांआधी एक रात्र त्यांना द्यावी. थिएटर फुकट भरू द्यावे, कारण रिकाम्या सभागृहातली चाचणी अर्धीच. एखाद्या हौशी संस्थेने ध्वनिक्षेपक बंद ठेवून एक गद्य प्रवेश करावा आणि दोन पदे म्हणावीत. मग शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला विचारावे, “आजोबा, ऐकू आलं का?” तो ‘नाही’ म्हणाला तर कंत्राटदाराचे बिल थोडे थांबवावे.