भर उन्हातील प्रसन्न चेहरे

लग्नसमारंभ असो, सहल असो वा नव्या दुकानाचे उद्घाटन. कुटुंबाची महत्त्वाची छायाचित्रे बहुधा भर दुपारीच निघतात. पुढे ती पाहताना आजीचे डोळे मिटलेले, टोपीखालचा आजोबांचा चेहरा काळवंडलेला आणि मागची भिंत पांढरीफटक दिसते. तीच माणसे पुन्हा तशी एकत्र येतीलच असे नाही; म्हणून ही हानी लहान नव्हे.

दोष कॅमेऱ्याचा नसतो. पृथ्वीवरून पाहता सूर्यबिंब आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापते. एवढ्याशा बिंबातून येणारा प्रखर प्रकाश सावलीची कड धारदार करतो. दुपारी तो माथ्यावरून येत असल्याने डोळ्यांच्या खोबणीत व हनुवटीखाली काळोख साचतो. तोच प्रकाश विस्तृत पृष्ठभागावरून आला की सावल्या मऊ होतात.

चित्रपटकलेने हे फार पूर्वी ओळखले. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत उभारलेल्या चौकावर पांढरे कापड ताणले आणि खालून त्यावर दिव्यांचा झोत टाकला. परतून आलेला तो प्रकाश उघड्या चौकात आकाशातून झिरपणाऱ्या उजेडासारखा भासला.

घरातील जुने पांढरे धोतर किंवा मलमलही असेच उपयोगी पडते. दोघांनी ते सूर्य आणि चेहरा यांच्यामध्ये ताणून धरावे. कापड चेहऱ्याच्या जितके जवळ, तितकी सावली मऊ. रंगीत कापड मात्र टाळावे. त्याची छटा चेहऱ्यावर उतरते. पार्श्वभूमीला उन्हातील भिंतीऐवजी झाडांची सावली निवडावी.

कापड नसल्यास माणसांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे आणि खोक्यातून आलेला थर्माकोलचा पांढरा तक्ता समोरून, छातीच्या खाली, किंचित वर कलता धरावा. स्वयंपाकघरातील चंदेरी फॉइल चुरगाळून, पुन्हा पसरून पुठ्ठ्यावर चिकटवली तरी चालते; परंतु तिची चमक तीव्र असल्याने ती दूर धरावी आणि मुलांच्या डोळ्यांवर रोखू नये. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून उजेड जुळवावा. भिंगावर थेट ऊन पडत असेल, तर त्यावर तळहाताची सावली धरावी.

व्यापाऱ्यासाठी या युक्त्यांचे मोल अधिक आहे. साडीचे छायाचित्र पाहून ग्राहक मागणी नोंदवतो. उन्हात रंग फिका उमटला किंवा शेजारच्या तांबड्या भिंतीची झाक कापडावर आली, तर माल परत येतो आणि त्याबरोबर दुकानाच्या शब्दाची किंमतही घटते. म्हणून माल ओसरीच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून मांडावा आणि छायाचित्र पाठवण्यापूर्वी त्यातील रंग प्रत्यक्ष कापडाशी ताडून पाहावा.

समूहचित्राच्या वेळी आधी जागा, कापड आणि तक्ता यांची सिद्धता करावी; वडीलधाऱ्यांना सर्वांत शेवटी बोलवावे. उन्हात तिष्ठत राहावे लागले नाही, तर त्यांच्या चेहऱ्यावरील प्रसन्नता आपोआप टिकते.