चौकोनी आसाचं जाळं

ट्रॉलर बंदराला लागला की डेकवर मासळीचा ढीग ओततात आणि निवडायला बसतात. सुंगटं एका टोपलीत, म्हाकूल दुसरीत, राणी मासा वेगळा. चांगला माल उचलून झाला की खाली उरते ती बोटाएवढी पिल्लं, चिमुकले खेकडे, मधूनच एखादा मेलेला समुद्री साप. त्यातलं बरंचसं कवडीमोलाने फिशमीलच्या कारखान्याकडे जातं, बाकीचं पुन्हा समुद्रात. मालवणच्या किनाऱ्यावर गेल्या दोन दशकांत जे खरोखर उपयोगी संशोधन झालं, ते या उरलेल्या ढिगात हात घालून झालं, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीची वाट वेगळी होती. 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातलं सुमारे 29 चौरस किलोमीटर पाणी त्यात आलं. इथली प्रवाळं, शेवाळं आणि मासळीची विविधता पाहता संरक्षण हवंच होतं. पण रोज त्याच पाण्यात होडी घालणाऱ्यांना ते वरून आलेलं वाटलं. आपल्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, गदा येणार या धास्तीने विरोध सुरू झाला आणि ती कटुता वर्षानुवर्षं गेली नाही.

2011 नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण निधी, केंद्र आणि राज्य सरकार यांचा सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठीचा प्रकल्प आला. त्याची सूत्रं पुढे राज्याच्या कांदळवन कक्षाकडे होती. खेकडापालन, कांदळवन सफरी, डॉल्फिनचा अभ्यास अशी बरीच कामं त्यातून झाली. 2015 मध्ये कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळे देवमासे दिसले, त्याच्या बातम्या सगळीकडे गाजल्या. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत केलेल्या बदलाची मात्र तेवढी चर्चा झाली नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

ट्रॉलचं जाळं नरसाळ्यासारखं असतं. तोंड रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं आणि टोकाला मासळी साठवणारी पिशवी. नेहमीच्या जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, शंकरपाळ्याच्या आकाराचा. हातात धरून पाहिलं तर भोकं चांगली मोकळी दिसतात, पण दोन्ही टोकांनी ताणलं की प्रत्येक आस लांबट होऊन मिटतो. समुद्रात बोट जाळं ओढत असते आणि पिशवीत मासळीचं वजन वाढत जातं, तेव्हा नेमकं हेच होतं. कागदावर आस कितीही मोठा असो, पिल्लाला बाहेर पडायला फट उरत नाही. तीच वीण 45 अंशांनी फिरवून लावली की आस चौकोनी होतो. आता ओढ दोऱ्याच्या सरळ रेषेत येते, भोक उघडं राहतं, पाणी आरपार जातं आणि लहान मासा निसटतो. जाळ्याला पाण्याचा अडथळाही कमी होतो, म्हणजे डिझेलवरचा ताण हलका. कोचीच्या केंद्रीय मत्स्यप्रौद्योगिकी संस्थेने 40 मिलिमीटर चौकोनी आसाची ही पिशवी सिंधुदुर्गात आणली आणि इथल्या ट्रॉलरवर ती वापरून पाहिली गेली.

अशा पिशवीची परीक्षा कशी घेतात, तेही सांगण्यासारखं आहे. पिशवीवरून बारीक आसाचं दुसरं आवरण चढवतात. आतली पिशवी ठेवते ते वेगळं मोजायचं, निसटून आवरणात अडकतं ते वेगळं. किती पिल्लं वाचली, किती विकाऊ मासळी हातची गेली, दोन्ही गोष्टी डेकवरच दिसतात. मच्छीमाराला अहवाल वाचावा लागत नाही.

तरीही आक्षेप उरतोच आणि तो खरा आहे. सुटलेलं पिल्लू मोठं होऊन माझ्याच जाळ्यात येईल याची हमी काय? शेजारची बोट बारीक आसाने ओढत असेल तर माझ्या शहाणपणाचा फायदा तिला. म्हणून हे जाळं एकेकट्याने लावून भागत नाही. राज्याने पुढे ते बंधनकारक केलं. अडतं ते अंमलबजावणीत. परराज्यांतले वेगवान ट्रॉलर आणि एलईडीच्या झोतातली मासेमारी यांच्याशी झगडणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला विचारा, कायदा समुद्रात किती आत पोचतो ते.

त्या ढिगातल्या सापांनीही एक गोष्ट सांगितली. दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांनी मालवणच्या मच्छीमारांबरोबर काम करून जाळ्यात येणाऱ्या समुद्री सापांच्या नोंदी ठेवल्या. शतकाच्या सुरुवातीला या किनारपट्टीवर हायड्रोफिस कर्टस ही जात जास्त सापडत होती. नंतरच्या नोंदींत हायड्रोफिस शिस्टोसस तिच्या वरचढ झाली. साप हवेवर जगतो, त्यामुळे तासन् तास ओढलेल्या जाळ्यात तो गुदमरतो. त्याला बाजारात किंमत नाही, म्हणून सरकारी मासळीच्या आकड्यांत तो कधी येत नाही. डेकवर बसून मोजणारं कोणी नसतं तर हा पालट कळलाच नसता.

अरबी समुद्र तापतो आहे. 2019 चं क्यार, 2021 चं तौक्ते, दोन्ही वादळांचा तडाखा या किनाऱ्याने सोसला. तारलीसारखी मासळी उत्तरेकडे सरकल्याचं संशोधक सांगतात. अशा काळात समुद्रात सगळ्या वयांची मासळी असणं हाच आधार, कारण एखादा विणीचा हंगाम बुडाला तरी मागची मोठी मासळी पुन्हा अंडी घालू शकते. पिल्लंच उपसली तर तोही आधार गेला.

2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान नको, बोंबील 180 पेक्षा लहान नको. जाळं मच्छीमाराच्या हातात आहे, पण टोपलीसमोर आपण उभे असतो. तळहातात मावणारं पापलेट स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका आणि का घेत नाही तेही विकणारीला सांगा.