काचेतल्या तळ्याचा हिशेब

सोलापूरकर पाणी आधी साठवतो आणि मग वापरतो. उजनीची जलवाहिनी, टाकळीजवळची भीमा आणि हिप्परग्याचा तलाव असे तीन आधार असूनही वर्षानुवर्षं नळ काही दिवसांआडच येत आला. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उघड्या बॅरलमधून दिवस-दोन दिवसांत उडून जातो, हा त्या खाड्यांचा मासे पाळणाऱ्यांना झालेला एकमेव फायदा. नळ नसेल तेव्हा बोअर, आणि काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून वर येणारं ते पाणी बहुधा जड : डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. अशा पाण्यात वनस्पतींची मत्स्यपेटी लावणारा पहिल्यांदा चुकतो तो पीएचच्या मागे लागून. पुस्तकात ६.५ लिहिलेलं असतं, चाचणीचा रंग ८ दाखवतो आणि दुकानातून पीएच उतरवणारी बाटली घरी येते. पण पीएच हा नुसता परिणाम आहे. हिशेब ठेवायचा तो पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा, म्हणजे ज्याला शौकीन ‘केएच’ म्हणतात त्याचा.

जड पाण्यात आम्ल टाकलं की बायकार्बोनेट ते गिळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हवेत जातो. दुसऱ्या दिवशी पीएच जवळजवळ जुन्या जागी. माशाला मात्र रात्रीतून दोन हेलकावे सोसावे लागतात. आकडाही फसवा : पीएच ७ असताना केएच २ असेल तर कार्बन डायऑक्साइड लिटरला सुमारे ६ मिलिग्रॅम, केएच ८ असेल तर सुमारे २४. पहिल्या पेटीत वनस्पती उपाशी, दुसरीत खाऊनपिऊन सुखी, आणि रंग दोन्हीकडे तोच. त्यात सोलापूरचा उन्हाळा. शंभर लिटरच्या पेटीतून वीस लिटर पाणी उडालं तरी क्षार मागेच राहतात. तेवढीच भर त्याच जड पाण्याची घातली, की कडकपणा एक-पंचमांशाने वाढतो. जुनं पाणी न काढता हे पाच वेळा केलं तर दुप्पट. वॅलिसनेरियाच्या पानावर बोट फिरवल्यावर खरखरीत पांढरी पूड लागते ती याच गोष्टीची खूण : हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड न मिळाल्याने पान बायकार्बोनेट फोडतं आणि चुना अंगावर साठतो. हायड्रिलालाही ही कला येते. म्हणून इथे या दोघी आधी लावाव्यात. मऊ पाण्याच्या नाजूक वनस्पतींचा हट्ट नंतर.

यावर रास्त आक्षेप असा, की पीएच चढा असला तर अमोनिया विषारी ठरतो. खरं आहे : २५ अंशाला पीएच ७ वर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ वर पाच टक्क्यांहून जास्त, आणि पाणी तापलं की आणखी. पण त्यावरचा उपाय आम्लात नाही. मासे थोडे, खाणं मोजकं, वनस्पती दाट, आणि पहिले चार-सहा आठवडे फिल्टरमधल्या जिवाणूंना जम बसवायला द्यावेत. दुसरा आक्षेप : मग सरळ आरओचं पाणीच का वापरू नये? डिस्कस माशांसाठी ते वापरावं लागेल, गप्पी-मॉलीला जड पाणीच मानवतं. शिवाय एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्र दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, तेही वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळ येत आलेल्या गावात! त्यापेक्षा उडालेल्या पाण्याची भर तेवढी आरओची घालावी, किंवा पावसाची : पहिल्या दोन-तीन सरी गच्ची धुऊन जाऊ द्याव्यात, पुढच्या सरींचं पाणी झाकलेल्या बॅरलमध्ये धरावं. त्यात कडकपणा जवळपास नसतोच, त्यामुळे पेटी नुसत्या त्याच पाण्याने भरू नये.