डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या ना!

सकाळी नऊला घाटकोपर स्टेशनवर, मेट्रोच्या जिन्याकडे सरकणाऱ्या गर्दीत खोकून बघा. कुणी वळूनही पाहत नाही. मी तीन आठवडे खोकत होते आणि माझंही लक्ष नव्हतं. एसी, पोल्यूशन, पावसाळा... कारणं काय, आपल्या पर्समध्येच असतात!

शेवटी पंतनगरातल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्टेथो लावायच्या आत मी ऑर्डर देऊन टाकली, "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या ना. शुक्रवारी डेडलाइन आहे." त्यांनी पाच दिवसांचं लिवोफ्लॉक्सासिन लिहून दिलं. एक्स-रे नाही, थुंकीची तपासणी नाही. पण बाहेर पंधराएक पेशंट ताटकळत होते आणि टेस्ट सांगितली असती तर मीच नाक मुरडलं असतं.

औषध सॉलिड लागू पडलं. स्टोरी वेळेवर गेली. दोन आठवड्यांनी खोकला परत हजर, सोबत संध्याकाळचा ताप आणि सैल झालेली जीन्स. (वजन उतरलं म्हणून मी खूश होते, हेही कबूल करते.) दुसऱ्या डॉक्टरांनी थुंकी तपासायला लावली. रिपोर्ट आला... टीबी.

मग कळलं, माझी ती स्ट्राँग गोळी टीबीच्या जंतूंनाही दाबते. तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं. शिवाय नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी जी औषधं राखून ठेवतात, त्यातलंच हे एक. एकटं, अर्धवट घेतलं की जंतू त्यालाही सरावू शकतो.

पत्रकाराची खोड, खणत गेले. १९९१मध्ये मुंबईतल्या १०० खासगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीबीवर त्यांनी तब्बल ८० प्रकारचे औषधोपचार लिहिले होते! २०१०मध्ये हिंदुजातल्या डॉ. झरीर उदवाडियांच्या टीमचा अभ्यास आला. १०६ डॉक्टर, ६३ वेगवेगळी प्रिस्क्रिप्शन्स, बरोबर फक्त सहा. पुढच्याच वर्षअखेरीस याच टीमने कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगासमोर मांडले. 'टोटली' रेझिस्टंट या शब्दावरून २०१२मध्ये मोठा वाद झाला. मला मात्र त्यातला एक तपशील चिकटून राहिला. चारपैकी तिघांनी दीड वर्षात सरासरी चार-चार खासगी डॉक्टर केले होते. मी दीड महिन्यात दोन केले होते.

त्यानंतर नियमांचा धडाका सुरू झाला. मे २०१२पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची झाली. मार्च २०१४पासून टीबीची औषधं आणि बरीच अँटिबायोटिक्स 'शेड्युल एच-१'मध्ये गेली, म्हणजे केमिस्टने रुग्णाचं नि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं. माझ्या वेळी केमिस्टने वही उघडलेली आठवत नाही. मीही बिल मागितलं नव्हतं! २०१८मध्ये नोंद न करणाऱ्या डॉक्टरांसाठी तुरुंगाचीही तरतूद आली. त्यापेक्षा मला पटला तो २०१४चा मुंबईतला प्रयोग. लोक आधी गल्लीतल्या डॉक्टरकडेच जाणार, हे सरळ मान्य करून त्याच डॉक्टरांमार्फत टेस्ट आणि औषधं फुकट देण्याचा.

माझीही नोंद झाली. औषधं फुकट, शिवाय आहारासाठी महिन्याला हजार रुपये (नोव्हेंबर २०२४पूर्वी पाचशेच होते). कोर्स सहा महिन्यांचा. लघवी केशरी होते, आधी सांगितलं नसतं तर घाबरून मेले असते.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात. खोकला गायब, वजन परत आलेलं, गोव्याचा प्लॅन ठरलेला. गोळ्यांचं पाकीट मुद्दामच घरी ठेवलं. तिसऱ्या दिवशी आरोग्यसेविका ताईंचा फोन, "गोळ्या चालू आहेत ना, मॅडम?"

"हो ताई," मी बीचवर बसून चक्क खोटं बोलले.

रात्री झोप लागेना. सकाळी बॅग भरली. ग्रुपला सांगितलं, घरी काम निघालंय. टीबी म्हणायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

परत आल्यावर ताईंना खरं सांगितलं. त्यांनी ओरडा दिला, मग कार्डावर चुकलेले दिवस लिहिले. आता पाचवा महिना चालू आहे. परवा गोळ्या आणायला गेले, तर शेजारच्या बाकावर लॅपटॉप बॅग मांडीवर घेतलेला एक मुलगा खोकत बसला होता. नंबर लागताच आत गेला. दार बंद होण्याआधी त्याचा आवाज आला, "डॉक्टर, सोमवारी प्रेझेंटेशन आहे, जरा लवकर..."